डाव्या बाजूची उसण

१२ जानेवारी २०२५, रविवार
गंगाखेड

योगीराज,

तुझा फोन लागत नाही, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे लागतो. चारदा वाजतो, मग तू कापतोस. म्हणून हे पत्र. वाळूजचा पत्ता प्रियांकानं दिला, तिच्यावर राग धरू नकोस. मोठ्या दिरानं मागितल्यावर तुझी बायको नाही तरी कशी म्हणंल.

दुकान बरं चाललंय. एसटी स्टँडसमोरच्या एका गाळ्याचे दोन केले. यंदा हंगाम सुरू झाल्यापासून बॅटी कमी आणि पट्ट्या जास्त विकायलोय. सहा आठवड्यांत माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं, दोन घोटे, एक भुवई आणि एक दात गेला. दात गेला तो यष्टींमागं उभा राहणारा गडी, आणि त्याचं हेल्मेट होतं घरी खुंटीला. विचारलं तर म्हणाला, केस बसतात.

बोट सुजलं की पोरं ते ओढायला बघतात. मी आधी ओढणाऱ्याचा हात धरतो. रसवंतीतून बर्फ आणतो, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरायला लावतो, शेजारच्या बोटाला बांधून फोटो काढायला पाठवतो. घोटा मुरगळला तर चोळू देत नाही. पहिल्या दोन दिवसांत चोळणं म्हणजे सूज वाढवणं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. गाडीवरून उतरून थेट चेंडू टाकायला जाणाऱ्याला आधी मैदानाच्या दोन चकरा मारायला लावतो. पोरं म्हणतात, शेठ, तुमी क्रिकेट खेळवायलाव का पोलीस भरती घ्यायलाव.

रविवारी सकाळी पाय लावून घ्यायला येणारी माणसं असतातच. मी पायाळू, पायाकडून जन्मलो, यात माझं कर्तृत्व काय, ते मायला विचारावं लागलं असतं, आणि ती आता नाही. पण उसण भरलेला माणूस सतरंजीवर पालथा निजतो, मी त्याच्या कमरेला डावा पाय तीनदा लावतो, आणि तो उठून चालायला लागतो. बहुतेकांची उसण चार दिवसांत अशीही उतरते. ते त्यांना माहीत नसतं, आणि मी सांगत नाही. पायानं नाव झालं आणि नावानं दुकान झालं, हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक.

आता कामाचं. दुकानात एक फलक लावायचा विचार आहे, वेगवान गोलंदाजांनी पाठ कशी सांभाळावी. पुस्तकातलं नको, आपल्या माणसाचा अनुभव पाहिजे. तेव्हा तुला नेमकं कुठं दुखायचं? डावीकडं, उजवीकडं, की मधोमध? पुढं वाकताना की मागं? दोन शब्द लिहिलेस तरी पुरे.

आपल्या पेडगावच्या गिरणीवाल्या सितारामची भक्ती आठवते का? तू गेलास तेव्हा सहा वर्षांची होती, मैदानाबाहेर गेलेले चेंडू पळत जाऊन आणायची. आता सतराची झालीय, आणि तालुक्यात तिच्याएवढा वेग पोरांनाही नाही. गेल्या रविवारी मी सीमेवरच्या पडद्यामागं खुर्ची टाकून नुसता ऐकत बसलो होतो. पुढचा पाय पडतानाचा तिचा आवाज बदललाय. आधी एकच धप्प यायचा. आता पाय पडतो आणि जरासा घसटतो, अंधारात पायरी चुकल्यासारखा. असो. याचा फलकाशी संबंध नाही.

तुझा
दादा

१९ जानेवारी २०२५
गंगाखेड

योगीराज,

फलकाचं खोटं होतं. तुला ते पहिल्या ओळीलाच कळलं असणार. मी माल विकायला लागलो की आवाज गोड होतो, हे लहानपणी तूच मला सांगितलं होतंस.

गुरुवारी सिताराम दुकानात आला. बसला नाही, तेव्हाच समजलो की मागायला आलाय. म्हणाला, "पोरीला उसण भरलीय. दोन तारखेला पुण्यात निवड हाय. पुढच्या ऐतवारी आणतो, पाय लाव."

मी विचारलं, कधीपासून. तर दोन महिने. दोन महिन्यांची कुठं उसण असते, म्हणालो. त्यावर त्याचं म्हणणं, लय दिवसाची हाय म्हणून तर तुझ्याकडं आणायलोय, चार दिवसाची असती तर घरीच शेकली असती.

त्यानं गिरणीमागं सिमेंटची पट्टी ओतलीय, वर चटई अंथरलीय. पोर रोज दीडशे चेंडू टाकते, आठवड्याचे सातही दिवस. मी म्हणालो, अरे, दगडाला टाकी लावायला तू गिरणीसुद्धा महिन्यातून एक दिवस बंद ठेवतोस. "त्यो दगड हाय, झिजतो," म्हणाला. "ही पोर हाय, वाढायलीय."

डॉक्टरकडंही नेलं होतं त्यानं. डॉक्टरनं परभणीला जाऊन मोठा फोटो काढायला सांगितला, आणि तोपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही म्हणाले. सितारामला तेच खटकलं. त्याच्या हिशेबानं डॉक्टर माणसाला घरी बसवतो आणि सटवाजी, म्हणजे मी, उठवतो. मी शेवटचा उपाय म्हणून माझ्या पायात काटा मोडलाय, असं सांगितलं. तर ऐतवारपस्तोर निघंल की, म्हणाला, आणि खाली वाकून माझा तळवा बघायला लागला.

काल भक्ती बुटाचे खिळे बदलायला आली. मी पॅडचं माप घ्यायचं निमित्त केलं आणि तिला एका पायावर उभं राहून मागं वाकायला सांगितलं. उजव्या पायावर वाकली. डाव्या पायावर अर्धीच वाकली, आणि खालचा ओठ दातांत धरला. ही खूण मला एका शिबिरात फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवली होती. खूण म्हणजे निदान नव्हे, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाला एकाच बाजूला आठवडेच्या आठवडे दुखत असलं, तर मणक्याचं हाड चिरलेलं असू शकतं, तिथं ना चोळायचं ना दाबायचं, हेही सांगितलं होतं. मी त्या दिवशी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मधेच उठून बाहेर गेलो होतो. का गेलो, ते तुला सांगायला नको.

तू म्हणशील, नाही म्हण, मोकळा हो. म्हणून बघतो. मी नाही म्हणालो तर सिताराम तिला जीपमध्ये घालून पाथरीच्या कडूबाईकडं नेणार. तीही पायाळूच, आणि तिच्या पायाखाली खाटेची माची मोडलेली मी पाहिलीय. बरं, हो म्हणून पाय नुसता टेकवावा, कापसासारखा, तर? त्याचाही विचार केला. दोन दिवस तोच विचार केला. पण पोर उसण उतरली असं समजून उठंल, दुखणं दाबंल, आणि दोन तारखेला जीव तोडून टाकंल. तिचं हाड माझ्या वजनानं मोडणार नाही, माझ्या नावानं मोडंल.

राहता राहिलं कारण सांगणं. कारण सांगायचं म्हणजे तुझं नाव काढावं लागतं.

गावात तुझ्याबद्दल काय बोलतात ते तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. जिल्हा निवडीच्या सामन्यात योगीराज घाबरला, चालू षटक टाकून मैदानातून पळाला, असं बोलतात. पहिल्यांदा सितारामच म्हणाला, त्याच संध्याकाळी, पारावर. मी तिथं उभा होतो. मी त्याला खोडलं नाही. अकरा वर्षं कुणालाच खोडलं नाही.

सांग. तुला कुठं दुखायचं?

दादा

२३ जानेवारी २०२५

योगीराज,

काल प्रियांकाचा फोन आला. म्हणाली, "दादा, त्यांनी वाचलं. डावीकडं म्हणले, मागं वाकताना. आन् तवाच दादाला सांगितलं होतं म्हणले."

होय, सांगितलं होतंस. सामन्याच्या आदल्या दिवशी, विहिरीवर. मी विसरलो नव्हतो. तू विसरलास का, तेवढं बघत होतो.

दादा

२६ जानेवारी २०२५, रविवार
गंगाखेड

योगीराज,

आज झालं ते आजच लिहितो. उद्यापर्यंत मी त्याला तासून गुळगुळीत करीन.

झेंडावंदन उरकून सिताराम आला. एकटा आला असता तर बरं होतं. जीपभर माणसं, भक्तीचा अख्खा संघ, आणि जिलबीचा पुडा. निवड होऊनच आल्यासारखे सगळे खुशीत. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. कुणीतरी सतरंजी अंथरली, सितारामनं पंखा बंद केला. पाय लावताना वारं नको म्हणतात, हा नियम कधी निघाला मला माहीत नाही, पण मोडलाही नाही मी कधी.

भक्ती पालथी निजली. मी चप्पल काढली, काउंटरला हात धरला, डावा पाय उचलला. खरं सांगतो, तोपर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं. वीस माणसं बघत असली की पाय आपोआप उचलला जातो.

सतरंजीवर गाल टेकवलेली ती पोर तोंड न वळवता म्हणाली, "काका, योगीराजकाकाला इथंच दुखायचं का?"

कुणी सांगितलं तुला, मी विचारलं. म्हणाली, "कुणी न्हाई. पण तुमी मला बरूबर दुखंल तसंच वाकवलं. कुणाचं तरी बघितल्याबिगर कसं कळलं?"

मी पाय खाली घेतला. जमिनीवर.

मग सांगितलं. तुलाही आजवर सांगितलेलं नाही, म्हणून जसं त्यांच्यासमोर बोललो तसंच लिहितो.

जिल्हा निवडीच्या त्या सामन्यात, उपाहाराच्या सुट्टीत, शाळेच्या खोलीत तू असाच निजला होतास. खिडकीत माणसं होती. मी दोनदा पाय हलका लावला. तू म्हणालास, दादा, राहू दे. तिसऱ्या खेपेला मी भार दिला, कारण खिडकीतनं कुणीतरी म्हणालं, आज सटवाजी भावाला जपायलाय. तेव्हा तुझ्या पाठीतून आवाज आला. मोठा नाही. अडकित्त्यात सुपारी धरल्यावर ती फुटायच्या आधी कुरकुरते, तेवढा. खोलीत दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसंल. मला गेला. मी हात वर करून म्हणालो, उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू उठलास, तीन षटकं टाकलीस, चौथ्यात चेंडू खाली ठेवलास आणि कुणाशी न बोलता शाळेच्या फाटकातून बाहेर गेलास. पळाला नव्हतास. तुला पळता येतच नव्हतं.

पुढं नांदेडच्या डॉक्टरनं मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की हाड आधीपासूनच चिरत आलं असणार, नुसत्या गोलंदाजीनंही पुरतं गेलं असतं, आणि तो आवाज सांध्याचाही असू शकतो. त्या ‘असू शकतो’वर मी अकरा वर्षं दुकान चालवलं.

एवढं बोललो. पंखा बंद होता, त्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू गेलं. संघातली पोरं जिलबीच्या पुड्याकडं बघत होती. सिताराम म्हणाला, "मंग त्याच्यामागं इतक्या लोकाला पाय कसा काय लावलास तू?"

याचं उत्तर तुला येत असंल तर कळव.

आणि मग, तुला पटणार नाही, तोच सिताराम जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बरं, आता जरा हलका लाव. जीप करून आलाव."

भक्ती एका कुशीवर वळली, हात टेकून सावकाश उठली. उठतानाही ओठ दातांतच होता. बापाला म्हणाली, "अप्पा, परभणीला चला. मोठा फोटो काढू."

"आन् दोन तारीख?"

"योगीराजकाकाला बी तारीखच होती."

जीप परभणीकडं गेली की पाथरीकडं, हे मला दुकानातून दिसलं नाही. चौकापर्यंत तिचा आवाज ऐकत होतो, पुढं ट्रक आडवा आला. जिलबी इथंच राहिलीय. कुणी खाल्ली नाही, मीही नाही.

दादा

१८ मार्च २०२५
गंगाखेड

योगीराज,

जीप परभणीकडं गेली होती. सुट्टीचा दिवस म्हणून फोटो दुसऱ्या दिवशी निघाला, ती रात्र त्यांनी पाहुण्यांकडं काढली. डावीकडं, खालून पहिल्याच मणक्याला, केसाएवढी चीर. आरपार गेलेली नाही. चार महिने चेंडू बंद, पळणं बंद. मग पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, मग डॉक्टर म्हणतील तेव्हा मोजून चेंडू टाकायचे, आणि लागोपाठ दोन दिवस नाहीच. सिमेंटच्या पट्टीवर सितारामनं हरभरा वाळत घातलाय.

पुण्याची निवड गेली. भक्तीपेक्षा हळू टाकणारी एक पोरगी संघात आली. भक्ती दोन दिवस जेवली नाही म्हणे. यातलं कितीक माझ्या नावावर पडायचं, ते मी मोजत नाही. सितारामची बायको बबिता मोजते. ती मला बाजारात बघून रस्ता बदलते.

मी पेडगावला गेलो होतो. पारावर सात-आठ जण होते, त्यांना सांगितलं की योगीराज घाबरला नव्हता, त्याची पाठ मोडली होती आणि तशा पाठीनं त्यानं तीन षटकं टाकली. तात्याराव म्हणाले, आता सांगून काय फायदा. दुसरा एक जण म्हणाला, मंग योगीराजनं सोता का सांगितलं न्हाई? मी म्हणालो, पाय लावणारा मी त्याचा भाऊ होतो म्हणून. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. विषय उसाच्या टोळीवर गेला.

मी आता पाय लावत नाही. सांगून थकलो. आधी लोक म्हणाले, सटवाजीचा पाय गेला. मग म्हणाले, झेंड्याच्या दिवशी लावायला नको होता. मी लावलाच नव्हता म्हटलं तर कुणी ऐकून घेत नाही. आणि दहा दिवसांपूर्वी कोण यावं? सिताराम. दीड महिना बोलला नव्हता. गव्हाचं पोतं उचलताना कंबर धरलेली, वाकडा होऊन आला, सतरंजी स्वतःच अंथरली आणि निजला. "मी काय गोलंदाजी करायलोय? मला लाव."

मी नाही म्हणालो. तो उठला नाही. मी गिऱ्हाइकं केली, दोन बॅटींची मूठ गुंडाळली, तो पडलेलाच. अर्ध्या तासानं उठला, जरा बरं वाटतंय म्हणाला आणि गेला. त्यानं गावभर सांगितलं की सटवाजीचा पाय आता जमिनीत उतरलाय, नुसतं त्याच्या दुकानात निजलं तरी भागतं. या रविवारी तिघं येऊन निजले होते. मी त्यांच्यावरून ओलांडून ओलांडून माल काढत होतो. फार दुखत असंल तर डॉक्टरकडं जा, म्हणून वाकून प्रत्येकाच्या कानात सांगितलं. तर एक जण दुसऱ्याला म्हणाला, मंतर घालायलाय, गप पड.

दुकान विकून कुठंतरी जावं असं मनात येतं. पण गिऱ्हाईक विचारंल, कुणाचं दुकान, आणि घेणाराही माझंच नाव सांगंल.

काल दुपारी फोन वाजला. तुझा नंबर बघून मला तो लगेच उचलता आला नाही. उचलला तेव्हा मागं यंत्रांचा आवाज होता, तू कारखान्यातूनच बोलत असणार. मी ‘बोल’ म्हणालो. तू विचारलंस, "वय काय तिचं?"

सतरा, म्हणालो.

"मंग भरंल हाड. तवर टाकू देऊ नका तिला."

आणि ठेवलास. मी उलटा फोन केला, पण तू कापलास. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त मला जे म्हणायचं होतं ते राहून गेलं, म्हणून हे पत्र.

तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास, योगीराज. विहिरीवर सांगितलंस त्याच दिवशी तुला घरी निजवलं असतं, तर तुझंही भरलं असतं.

दादा